बेळगाव सीमाभागात मानसिक आजार आणि व्यसनावर सरकारी उपचार: कुठे जायचं, कोणते कागद लागतात, कुठे अडतं

पहिल्या भेटीसाठी कोणताही अर्ज नसतो. नैराश्य, भास, झोप उडणं, दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, गुटखा, यांपैकी कशासाठीही सरकारी दवाखान्यात गेलात तर केस पेपर काढायचा आणि डॉक्टरांना भेटायचं, एवढंच. आधार दुरुस्त झालं नाही, रेशन कार्डावर नाव चढलं नाही, म्हणून पेशंटला घरी ठेवू नका. कागद खऱ्या अर्थानं तीन ठिकाणी लागतात: दाखल होताना, योजनेतून खर्च भागवायचा असेल तेव्हा, आणि अपंगत्वाचा दाखला काढताना. ते उपचार सुरू झाल्यावरही जमवता येतात.

पात्रतेचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारा मानसिक त्रासही त्याच कायद्याच्या व्याख्येत येतो. त्यामुळे ‘हा आजार नाही, ही सवय आहे’ असं म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ते कायद्याला धरून नाही. याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे बीपीएल कार्ड असो वा नसो, सरकारनं चालवलेल्या किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसोपचार संस्थेत त्याला मोफत उपचार मिळायला हवेत. बेघर आणि निराधार माणसालाही हेच लागू.

कुठे जायचं

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी. तिथले डॉक्टर साधी औषधं सुरू करू शकतात आणि पुढची चिठ्ठी देऊ शकतात. आशाताईंना सांगितलंत तर कुणाला कधी भेटायचं ते त्या विचारून ठेवतात. कर्नाटक सरकारच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी भरते. खानापूर, चिकोडी, अथणी, गोकाककडच्या लोकांना जिल्ह्याला यायच्या आधी हा मार्ग सोयीचा. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून त्या मंगळवारी डॉक्टर येणार आहेत ना, हे विचारून घ्या. नाही तर रोजगार बुडवून, एसटी करून गेलेलं घर एकदा रिकाम्या हातानं परतलं की दुसऱ्यांदा निघत नाही.

बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय, इथे मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि नर्स असतात. समुपदेशन हवं असेल तर समाजसेवकांना किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटायचं आहे असं स्पष्ट सांगा. गर्दीच्या ओपीडीत नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडणं सहज घडतं. आजार गुंतागुंतीचा असेल किंवा जास्त दिवस दाखल करावं लागणार असेल तर धारवाडच्या डिमान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत पाठवतात. कारवार आणि बिदरकडच्या लोकांसाठी त्यांच्या जिल्ह्यातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

व्यसनमुक्तीसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था केंद्रं चालवतात. आपल्या जवळ कोणतं अनुदानित केंद्र आहे हे १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. भिंतीवरच्या जाहिरातीवरून केंद्र निवडू नका.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

आधार किंवा कोणतंही ओळखपत्र, रेशन कार्ड, आधीच्या चिठ्ठ्या, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. रिकामी पाकिटंसुद्धा न्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या झोपेच्या गोळ्या लपवू नका. त्या अचानक बंद झाल्या तर फिट येऊ शकते आणि डॉक्टरांना माहीत नसेल तर कारण सापडत नाही. बरोबर घरातलं एक माणूस असावं, पण डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्यानं बोलण्याची मुभा पेशंटला द्या. बायको-आई समोर बसली की दारूचा आकडा हमखास निम्म्यावर येतो.

दारूसाठी बऱ्याचदा दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी घेतात. तिचे गुण ० ते ४० असतात. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं समजतात, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी लागते. यात पास-नापास काही नाही. दाखल करायचं की घरून उपचार चालतील, हे ठरवायला ती मदत करते. पेशंट पिऊन आला असेल तर चाचणी आणि संमती दोन्ही नीट होत नाहीत, म्हणून सकाळची वेळ धरा.

भाषेचं काय? सरकारी दवाखान्यातले छापील फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नुसार आजार काय आहे, औषधं कोणती, त्यांचे दुष्परिणाम कोणते, आणि दाखल केलं असेल तर कोणत्या कलमाखाली, ही माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. ‘मराठीत सांगा’ ही मागणी उपकार मागण्याची नाही. बेळगावात नर्स, समाजसेवक किंवा वॉर्डातलं कुणीतरी मराठी बोलणारं जवळपास नेहमी सापडतं. ऐकून झालं की मगच सही करा, आणि कोऱ्या फॉर्मवर कधीही करू नका.

दारू एकदम तोडू नका

घरचे सगळ्यात जास्त चुका इथेच करतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोंडून ठेवून बंद केली तर शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो: माणसं ओळखत नाहीत, भिंतीवर किडे दिसतात, ताप येतो. यात जीवही जाऊ शकतो. पूर्वी दारू सोडताना फिट आलेली असेल, सकाळी उठल्याबरोबर घोट लागत असेल, किंवा कावीळ झालेली असेल, तर दारू दाखल होऊनच सोडायची. दवाखान्यात थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं आणि थरथर कमी करणारी औषधं मोजून देतात. थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवणं अशा पेशंटला धोक्याचं असतं. म्हणून गावात कुणी ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावू’ म्हणालं तर पेशंट रोज पिणारा आहे हे आधी सांगा.

दुसरी चूक म्हणजे न सांगता जेवणात पावडर मिसळणं. बाजारात विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये काय असतं हे पुडी देणारासुद्धा सांगत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि माणूस त्यावर प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जातो, छाती धडधडते, काही वेळा हृदयावर बेततं. हे औषध डॉक्टर देतात तेव्हा पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन आणि दारू पूर्ण थांबल्यावरच देतात. चोरून देणं हा उपाय नव्हे. हेतू कितीही चांगला असला तरी ती विषबाधाच.

तंबाखू-गुटख्यासाठी दाखल व्हावं लागत नाही. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू घराघरात आहे, त्यामुळे तिला व्यसन म्हणायलाच लोक तयार नसतात. त्यासाठी १८००-११-२३५६ ही क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन, मोफत आहे. निकोटिनची च्युइंग गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. ती सतत चघळत राहिलं तर मळमळतं. थोडी चावून गालात धरून ठेवायची असते.

दाखल होताना

अठरा वर्षांवरचा माणूस स्वतःच्या सहीनं दाखल होऊ शकतो. घरच्यांची परवानगी कायद्याला लागत नाही, आणि स्वतःहून दाखल झालेला पेशंट सुट्टीही स्वतः मागू शकतो. धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवू शकतात. पेशंट निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर कलम ८९ खाली दाखल करतात. त्यासाठी एका मानसोपचारतज्ज्ञानं आणि दुसऱ्या तज्ज्ञानं किंवा डॉक्टरनं स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. ही मुदत ३० दिवसांपर्यंतच. ‘पोराला उचलून नेऊन सहा महिने ठेवा’ असा प्रकार कायद्यात बसत नाही.

प्रतिनिधी नेमायला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर ‘माझ्या उपचाराबाबत अमुक व्यक्ती माझी प्रतिनिधी राहील’ असं लिहून पेशंटची सही किंवा अंगठा, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती, एवढं पुरतं. माणूस बरा असताना हे करून ठेवा. भावाभावांत जमिनीचा वाद असेल तर फारच आवश्यक. कोण सही करणार यावरून ऐन वेळी वॉर्डात भांडण होतं आणि उपचार खोळंबतात.

खासगी केंद्रात जायचं असेल तर आधी नोंदणी प्रमाणपत्र मागा. मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी बंधनकारक आहे आणि प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावायचं असतं. मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते कोणत्या दिवशी येतात, नातेवाइकांना भेटायला कधी मिळतं, फोन करता येतो का, हे विचारा. साखळीनं बांधणं कोणत्याही कारणासाठी बेकायदा आहे. वर्षाचे पैसे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणाहून सरळ परत या.

अठरा वर्षांखालील मुलं

इथे अर्ज पालकांनी करायचा. मुलाची तपासणी दोघांकडून व्हावी लागते, त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मोठ्यांपासून वेगळी जागा हवी आणि पालक किंवा पालकांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं. शाळेचा बोनाफाईड दाखला किंवा जन्मदाखला वयासाठी न्या.

पण बहुतेक मुलांना दाखल करायची गरजच नसते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘स्नेहा क्लिनिक’ आहेत. कॉलेजच्या आणि त्यापुढच्या तरुणांसाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेच्या साथीनं युवा सबलीकरण व क्रीडा खात्याचं ‘युवा स्पंदन’ केंद्र जिल्ह्यात चालतं. अभ्यास, नातेसंबंध, मोबाईल, व्यसन, कशावरही तिथे मोफत बोलता येतं. मानसोपचाराच्या ओपीडीत जायला लाजणारी मुलं इथे येतात. मुलाला कुणी दारू-तंबाखू विकत असेल तर तो बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

खर्च आणि दाखले

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला, पॅकेजच्या (उपचाराच्या ठरलेल्या दराच्या) ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. ही योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही. तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. ते न घेता परस्पर खासगीत दाखल झालं की दावा अडतो. दुसरी अडचण नावाची. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, शाळेचा दाखला मराठीत. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर. आधारचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या.

महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेकडे उपचार घेणार असाल तर निघण्याआधीच त्या रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाव यादीत आहे का आणि हा आजार पॅकेजमध्ये बसतो का, हे दोन प्रश्न विचारा.

दीर्घ मानसिक आजारात अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढता येतं. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे जुने कागद लागतात. नुसत्या निदानावर टक्केवारी मिळत नाही. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम आणि आजार किती वर्षं आहे, हे ‘आयडियाज’ मोजपट्टीवर पाहतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. म्हणून केस पेपर फेकू नका, फाईल करा.

पोलिसांची भीती

उपचाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. कुणी तणनाशक किंवा कीटकनाशक प्यायलं तर दवाखाना एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवतो आणि पोलीस जबाब घेतात. ती नोंद आहे, शिक्षा नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. तेव्हा खोटं कारण सांगू नका, बाटली बरोबर न्या आणि १०८ बोलवा. अमली पदार्थांच्या बाबतीत, फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.

रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ हा नंबर लावा. चोवीस तास आणि मोफत. भाषेचा पर्याय येतो तिथे मराठी निवडा. पेशंट यायलाच तयार नसेल तर घरचे एकटेही फोन करू शकतात, ओपीडीतही जाऊ शकतात.

औषधं संपायच्या चार दिवस आधी पुढची तारीख गाठा. नैराश्याच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. ऊसतोड, सुगी किंवा गोव्याला कामावर जायचं असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. तिकडच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवून उपचार पुढे चालू ठेवता येतात.