फ्रिजच्या दारातली ट्यूब

आमच्या मानेवाड्याच्या घरी फ्रिजच्या दारात, लिंबं आणि कालच्या कोथिंबिरीच्या मधे, कायम एक अर्धी पिळलेली ट्यूब पडलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मलम फ्रिजमध्ये ठेवणं समजू शकतो. पण ती कोणाची, कधी आणली, कशासाठी आणली हे घरात एकालाही सांगता येत नाही. तरी कोणाला काही उठलं की आई म्हणते, "काहून त्रास करून घेऊन राहिला, ती ट्यूब लाव ना."

मागच्या जुलैत हेच झालं. आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यात पहिला पाऊस, चिकचिक, डास, आणि पुतण्याच्या नाकाखाली एक छोटी फुणसी आली. पोरगं ते खाजवत बसलं आणि दोन दिवसांत त्यावर पिवळसर खपली धरली, गुळाचा पाक सांडून वाळावा तशी. ही मधाच्या रंगाची खपली म्हणजे बहुतेक वेळा इम्पेटिगो, लहान पोरांत एकदम कॉमन, एकाकडून दुसऱ्याकडे टॉवेलवरून, हातावरून जाणारं इन्फेक्शन. वहिनीने फ्रिजमधली ट्यूब लावली. पहिले दोन दिवस लाली कमी वाटली, चौथ्या दिवशी हनुवटीवर अजून दोन डाग.

मग मी चष्मा लावून ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं. एक स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध. गेल्या वर्षी दादाला जांघेत नायटा झाला होता तेव्हा मेडिकलमधून आणलेली (मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, मेडिकल चौकातला मोठा दवाखाना नाही), दुकानदाराने प्रिस्क्रिप्शन न मागता दिली होती, वर "तीन इन वन आहे, सगळ्यावर चालते" असंही म्हणाला होता. तिथेच घोळ आहे. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं म्हणून बरं वाटतं, पण ते त्वचेची स्वतःची लढाई पण दाबतं, त्यामुळे जंतू निवांत पसरतात. नायट्यावर तर हे फारच वाईट, वरून फिका दिसतो आणि आतून पसरत जातो, मग डॉक्टरलाही ओळखणं कठीण जातं. आणि नायटा बुरशीचा असतो, त्याला अँटिबायोटिकचा शून्य उपयोग.

पुतण्याला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी साधं मुपिरोसिन २ टक्के नावाचं अँटिबायोटिक मलम दिलं. या औषधाची गोष्ट मला लय आवडते. हे एका बॅक्टेरियाने दुसऱ्या बॅक्टेरियाला मारायला बनवलेलं हत्यार आहे. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स नावाचा जंतू ते तयार करतो, आणि १९७१ साली इंग्लंडच्या बीचम कंपनीच्या संशोधकांनी ते जगापुढे आणलं. जंतूला प्रोटीन बांधायला आयसोल्युसिन नावाची एक वीट लागते, ती वीट उचलून देणारं एन्झाइम हे औषध अडवून धरतं, मग मिस्त्री नुसता थापी घेऊन बसून राहतो, भिंत काही उभी होत नाही. इम्पेटिगोमागे असतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कधीकधी स्ट्रेप्टोकॉकस, दोघंही यात सापडतात. शरीरात गेलं की हे औषध लवकरच तुटून निकामी होतं, म्हणून त्याची गोळी मिळत नाही, ते वरून लावायचंच आहे.

लावायची पण एक रीत आहे, आणि आम्ही नेमकी तीच चुकत होतो. खपलीवर मलम थापलं तर ते खपलीलाच लागतं बाप्पा, जंतू खाली मजेत. आधी हात धुवायचे, कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड काही मिनिटं ठेवायचं, खपली नरम झाली की हळूच पुसायची, ओढून काढायची नाही, कोरडं करायचं आणि पातळ थर लावायचा. किती? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. नाकाखालच्या डागाला मुगाच्या दाण्याएवढं खूप झालं. दिवसातून तीनदा, डॉक्टरने सांगितले तेवढे दिवस, बहुतेक वेळा पाच, दहाच्या वर नाही. ३ ते ५ दिवसांत फरक नसेल तर परत दाखवायचं, औषध वाढवत बसायचं नाही. डोळ्याजवळ, मोठ्या उघड्या जखमेवर किंवा भाजलेल्या जागेवर स्वतःच्या मनाने लावू नका. या मलमाच्या बेसमध्ये पॉलीइथिलिन ग्लायकॉल असतं, ते उघड्या जखमेतून शोषलं जातं आणि किडनी कमजोर असलेल्यांना त्रास देऊ शकतं.

थोडे दिवस का, तर जंतू शिकतात. फ्युसिडिक अॅसिड (हेही वरून लावायचं अँटिबायोटिक) असो की मुपिरोसिन, महिनोन्महिने लावत राहिलं की त्याला न जुमानणारे जंतूच मागे उरतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये थोड्याशा इम्पेटिगोला आधी १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम सुचवली ती याचसाठी, अँटिबायोटिक वाचवायला. (ती क्रीम वेगळी, आपल्याकडची फेस येणारी बाटली पोराच्या तोंडावर ओतू नका.) निओमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकवाल्या मलमांनी तर काही लोकांना अॅलर्जी होते, जखम बरी होण्याऐवजी खाजत, लाल होत जाते आणि आपण समजतो इन्फेक्शन वाढलं म्हणून अजून थापतो.

आणि केसतूड, म्हणजे पू भरलेलं गळू, त्यावर वरून मलम लावून काही होत नाही. पू आत आहे, औषध बाहेर. कोमट शेक द्या, मोठं असेल तर डॉक्टर चीर देऊन पू काढतात. दाबून फोडू नका, नाकाजवळचं तर अजिबात नाही. डाग खूप असतील, ताप आला, लाली भराभर पसरत असेल, किंवा बाळ अगदी लहान आहे, किंवा ज्याला झालंय त्याला डायबिटीस आहे, तर ट्यूबचा विषयच नाही, सरळ दवाखाना. रात्री सगळ्या घरालाच खाज सुटत असेल तर आधी खरूज आहे का ते बघायला सांगा, नाहीतर खाजवून खाजवून इम्पेटिगो परत येत राहील.

पुतण्याची नखं कापली, टॉवेल वेगळा केला, औषध सुरू झाल्यावर दोन दिवस शाळेत पाठवलं नाही. डॉक्टरने एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती, पुढचे काही आठवडे लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली किंवा सकाळी तोंड सुजलं तर लगेच या, कारण स्ट्रेप्टोकॉकसच्या इन्फेक्शननंतर कधीकधी किडनीला सूज येते. वहिनी सहा आठवडे रोज सकाळी त्याचं तोंड न्याहाळत होती, पोरगं वैतागून म्हणायचं, "आई, किती बघून राहिली."