तळघरातला मीटर आणि गच्चीवरचं जाळं

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन किंवा क्वीन्स भागातल्या जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतीवर प्लास्टिकची एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यातून निघालेली वायर भिंतीतल्या भोकातून तळघरात उतरते आणि पाण्याच्या मीटरला जाऊन मिळते. डबीत एक बॅटरी आणि एक रेडिओ ट्रान्समीटर. दिवसातून चार वेळा ती मीटरचा आकडा हवेत सोडते, आसपासच्या उंच इमारतीच्या गच्चीवरचा रिसीव्हर तो टिपतो आणि तिथून तो पालिकेच्या संगणकात जाऊन पडतो. मोठ्या ग्राहकांच्या बाबतीत हेच दर तासाला होतं. अशा आठ लाखांहून अधिक डब्या २००९च्या सुमारास सुरू झालेल्या मोहिमेत तीन-चार वर्षांत बसवल्या गेल्या. खर्च सुमारे २५ कोटी डॉलर. आणि २०२०चं दशक उजाडलं तेव्हा त्या बदलण्याचं काम काढावं लागलं.

इतक्या लवकर का, हे समजायचं तर या शहरानं पाण्याचे पैसे आजवर कसकसे मोजले ते पाहावं लागतं.

सुरुवातच विचित्र आहे. १७९९मध्ये राजकारणी ॲरन बर आणि मंडळींनी शहराला शुद्ध पाणी पुरवण्यासाठी मॅनहॅटन कंपनी काढली. तिच्या सनदेत एक निरुपद्रवी दिसणारं कलम होतं: पाण्याच्या कामातून उरलेलं भांडवल कंपनीनं हवं तिथे गुंतवावं. कंपनीनं थोडेफार लाकडी पाइप टाकले आणि लगोलग बँक उघडली. पाणी यथातथाच राहिलं, बँक मात्र भरभराटली. पुढे १९५५मध्ये चेस बँकेशी विलीन होऊन ती चेस मॅनहॅटन झाली. शहराला खरं पाणी मिळालं ते १८४२मध्ये, क्रोटन नदीवरून सुमारे ६५ किलोमीटर लांबीचा बांधीव कालवा आला तेव्हा. त्यानंतर कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगरांतून पाणी आणलं गेलं. सगळं बहुतांशी उतारावरून, पंपाशिवाय येणारं.

पाणी मुबलक असलं की मोजायची घाई कुणालाच नसते. दुकानं, कारखाने, हॉटेलं यांना एकोणिसाव्या शतकातच मीटर लागले, पण राहत्या घरांचा हिशेब वेगळा होता. इमारतीची रस्त्याकडची रुंदी किती फूट, मजले किती, कुटुंबं किती, न्हाणीघरं आणि संडास किती यांवरून वर्षाचा आकडा निघायचा. नळ रात्रभर वाहिला काय किंवा घर सहा महिने बंद राहिलं काय, बिल तेच. करपात्र मूल्यावर पाणीपट्टी भरणाऱ्या पुणेकराला यात परकं काही वाटणार नाही. या पद्धतीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तिला फारशी यंत्रणाच लागत नाही. एकदा माणूस येऊन घर पाहून गेला की त्याच्या नोंदीवर वर्षानुवर्षं बिलं काढता येतात. भांडण झालंच तर संडास दोन की तीन एवढ्यावरच.

हे सारं बदललं १९८०च्या दशकात. शहराचा रोजचा वापर दीड अब्ज गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ५६८ कोटी लिटरपर्यंत चढला होता, आणि त्याच दशकात दुष्काळही पुन्हा पुन्हा आले. १९८५मध्ये तर गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय टेबलावर पाणी ठेवायला हॉटेलांना मनाई होती आणि हडसन नदीतून पाणी उपसायची वेळ आली होती. दुसरीकडे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर त्यांच्या कुवतीबाहेर भार पडत होता. नवा स्रोत आणि नवी केंद्रं म्हणजे अब्जावधी डॉलर. शिवाय १९८४च्या कायद्यानं पाणीपुरवठ्याचा खर्च पाणीपट्टीतूनच भागवायची आणि त्याच उत्पन्नाच्या जोरावर कर्जरोखे काढायची नवी व्यवस्था उभी राहिली होती. रोखे घेणाऱ्याला उत्पन्नाची खात्री हवी असते. घराच्या रुंदीवर ती किती काळ देणार?

१९८८पासून सर्व घरांना मीटर बसवायला सुरुवात झाली. घरमालकांचा विरोध जोरदार होता, आणि तो सगळाच खोटा म्हणता येणार नाही. जुन्या चाळवजा इमारतींत एकेका नळजोडणीवर डझनावारी बिऱ्हाडं. पाणी वापरणार भाडेकरू, बिल भरणार मालक, आणि भाडं वाढवायला कायद्याची आडकाठी. शेवटी अशा इमारतींसाठी मीटरऐवजी दर बिऱ्हाडामागे ठरावीक रक्कम भरण्याची सवलत ठेवावी लागली. ती आजही आहे, फक्त पाणी वाचवणारी उपकरणं बसवण्याच्या अटीवर. जोडीला १९९४ ते १९९७ या काळात पालिकेनं पैसे देऊन तेरा लाख जुने संडास बदलवून घेतले. एका फ्लशला १९ लिटर किंवा त्याहून जास्त पाणी ओतणाऱ्या टाक्या गेल्या आणि सहा लिटरच्या आल्या. मीटर, संडास आणि गळती शोधमोहीम यांतलं नेमकं कशामुळे किती पाणी वाचलं हे वेगळं काढणं कठीण आहे, पण परिणाम ठसठशीत आहे. १९८०मध्ये ७१ लाख असलेली लोकसंख्या २०१०पर्यंत ८२ लाखांवर गेली आणि वापर एक अब्ज गॅलनच्या आसपास उतरला. म्हणजे सुमारे ३८० कोटी लिटर. मुंबईला रोज साधारण इतकंच पाणी मिळतं.

मीटर तळघरात आणि तळघराला कुलूप, ही मीटर रीडरची जुनी डोकेदुखी. तिच्यावर उपाय म्हणून मीटरपासून वायर काढून बाहेरच्या भिंतीवर एक टोक आणलेलं होतं. रीडरनं दर तीन महिन्यांनी यायचं, हातातल्या यंत्राची कांडी त्या टोकाला टेकवायची, आकडा आपोआप यंत्रात उतरायचा. ऐकायला सोपं आहे. पण वायर उंदरानं कुरतडलेली असते, टोकावर कुणीतरी रंग फासलेला असतो, अंगणात कुत्रा असतो. रीडिंग मिळालं नाही की संगणक मागच्या वापरावरून अंदाजे बिल काढतो. आपल्याकडे विजेच्या बाबतीत ज्याला ॲव्हरेज बिल म्हणतात तेच. लागोपाठ दोन-तीन अंदाजे बिलं गेली आणि मग खरं रीडिंग आलं की सगळा फरक एकाच बिलात येऊन आदळतो. ग्राहक कार्यालयात उभा, कारकुनाकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि चुकी म्हणावी तर दोघांचीही नाही.

थकबाकीच्या प्रश्नानं यात आणखी भर घातली. २००७च्या अखेरीस शहरानं कायदा केला की निव्वळ पाण्याच्या थकबाकीपोटीही मिळकतीवर बोजा चढवून तो बोजा, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा हक्क, विकता येईल. त्याआधी मालमत्ता कर थकलेला असेल तरच हे करता येई. आता जो बोजा विकायचा तो अंदाजाच्या बिलावर उभा असेल तर कोर्टात किती टिकणार? माझ्या मते स्वयंचलित रीडिंगचा निर्णय लगेच पुढे आला त्याला हेही एक कारण होतं. पाणी वाचवण्याची भाषा पत्रकांत जास्त होती, पण वसुलीचं गणित त्याहून निकडीचं होतं.

डब्या बसल्या आणि आकड्यांचा पूर लोटला. पूर्वी एका घराची वर्षाला चार रीडिंग मिळायची, आता दिवसाला चार मिळू लागली. म्हणजे साऱ्या शहरातून वर्षभरात जितके आकडे गोळा होत तितके आता रोज. गंमत अशी की बिलाला त्यातला तिमाहीचा एकच आकडा लागतो. बाकीचे कशाला? त्याचं उत्तर २०११मध्ये मिळालं. सलग पाच दिवस वापर नेहमीच्या तिप्पट दिसला तर घरमालकाला ईमेल जाऊ लागलं. संडासाच्या टाकीतली रबरी झडप झिजली की पाणी आवाज न करता रात्रंदिवस भांड्यात झिरपत राहतं, आणि पूर्वी ते कळायचं तीन महिन्यांनी, बिल हातात पडल्यावर. न्यूयॉर्कमध्ये मलनिस्सारण आकार पाण्याच्या बिलाच्या १५९ टक्के असतो, तेव्हा शंभर डॉलरच्या गळतीचं बिल २५९ डॉलर होतं. या एका सोयीनं जितकी माणसं या यंत्रणेच्या बाजूची झाली तितकी कुठल्याच जाहिरातीनं झाली नसती.

आता जाळ्याबद्दल. गच्चीवरच्या रिसीव्हरांत जमलेले आकडे पुढे न्यायला काहीतरी वाट लागते. शहराकडे ती तयारच होती. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात पोलीस आणि अग्निशमन दलांचं संपर्काचं तोकडेपण उघडं पडलं. त्यावर उपाय म्हणून पालिकेनं सुमारे ५० कोटी डॉलर खर्चून स्वतःचं वायरलेस जाळं उभारलं. नाव ‘निक्विन’, काम नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनीचं, शहरभर अँटेनांची काहीशे ठाणी. हेतू आणीबाणीचा होता, पण रोजच्या वापराला गिऱ्हाइकं हवी होती: वाहतुकीचे सिग्नल, गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणारे पोलिसांचे कॅमेरे आणि पाण्याचे मीटर. त्या वेळी हा निर्णय शहाणपणाचाच होता. घरचं जाळं असताना बाहेरच्या मोबाइल कंपनीला पैसे कशाला मोजायचे?

पण मोबाइल कंपन्यांची जाळी तिसऱ्या पिढीवरून चौथीवर गेली, स्वस्त झाली, वेगवान झाली. निक्विन जिथल्या तिथे राहिलं आणि त्याच्या देखभालीचे कोट्यवधी डॉलर दरवर्षी जात राहिले.

६ एप्रिल २०१९च्या संध्याकाळी, न्यूयॉर्कच्या घड्याळात आठ वाजायला काही सेकंद असताना, हे जाळं कोसळलं. कारण अवकाशात होतं. जीपीएस उपग्रह वेळ सांगताना आठवड्यांचा क्रमांक पाठवतात आणि त्यासाठी जुन्या पद्धतीत दहाच बिट राखलेले आहेत. दहा बिटांत ० ते १०२३ एवढंच मावतं. ६ जानेवारी १९८०पासून मोजणी सुरू झाली, १९९९च्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा शून्यावर आली आणि या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा. ज्या उपकरणांचं सॉफ्टवेअर अद्ययावत नव्हतं त्यांच्या लेखी तारीख एकदम जवळजवळ वीस वर्षं मागे गेली. आणि अशा वायरलेस जाळ्यातल्या ठाण्यांना एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचं नसेल तर वेळ अचूक जुळलेली लागते; ती वेळ ती जीपीएसकडून घेतात. हा दिवस येणार हे वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं सूचनाही दिल्या होत्या. तरीही जाळं पूर्ववत व्हायला दहाएक दिवस लागले.

यातला विरोधाभास असा की काट्याचं पुन्हा शून्यावर येणं पाणीपट्टी खात्याला अजिबात नवीन नाही. मीटरची तबकडी सगळे नऊ झाले की शून्यावर येते, आणि मागच्या रीडिंगपेक्षा आजचं कमी दिसलं तर काय करायचं हे बिलाच्या साध्यातल्या साध्या प्रोग्रॅमलाही शिकवलेलं असतं. कोट्यवधींच्या जाळ्यानं मात्र तिथेच मान टाकली.

पाण्याच्या बाजूनं नुकसान त्यामानानं किरकोळ. मीटर रोजचा वापर वेगळा मोजत नाही, एकूण आकडा पुढे ढकलत राहतो. मधले दहा दिवस निरोप पोचला नाही तरी पुढच्या रीडिंगमध्ये सगळं भरून येतं. पण निक्विन गुंडाळण्याचा विचार आधीपासून होताच, तो आता टाळता येईना. जाळं बंद करायचं तर रिसीव्हरांना दुसरी वाट हवी. त्यातच डब्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. आणि मेलेली डबी म्हणजे पुन्हा अंदाजे बिल, पुन्हा तेच कार्यालय आणि तोच कारकून.

अशा कामात सर्वांत वेळखाऊ भाग संगणकाचा नसतो. आठ लाख दारांपाशी माणूस पाठवायचा, डबी काढायची, नवी लावायची, आणि कुठली डबी कुठल्या मीटरची व तो मीटर कुठल्या खात्याचा ही नोंद जागीच चोख करायची. जुळ्या घरांच्या डब्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही यंत्रं बिनचूक चालतात आणि दोन्ही बिलं चुकतात. शेजाऱ्याच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी आपण भरतोय हे कळायला मग एखादा उन्हाळा जातो.

मीटरचं पितळी शरीर त्या मानानं दणकट. छोटा घरगुती मीटर पंधरा-वीस वर्षं निमूट चालतो, आणि थकला तरी बहुधा ग्राहकाच्या बाजूनं चुकतो, म्हणजे कमी मोजतो, त्यामुळे तक्रारही येत नाही. ट्रान्समीटर, जाळं आणि बिलाचं सॉफ्टवेअर यांची आयुष्यं वेगवेगळी, आणि तिन्ही एकाच निविदेत एकदाच विकत घेतली जातात. न्यूयॉर्कला हा हिशेब दुसऱ्या फेरीत कळला.

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेखाली याच जातीचे, आकडा रेडिओवरून कळवणारे मीटर घराघरांत बसवायला घेतले गेले. त्यासाठी जून २०१७मध्ये महापालिकेनं २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजानं. लाखाहून अधिक मीटर बसले, काही सोसायट्यांनी आणि नगरसेवकांनी ते अडवलेही. आणि काम सुरू होऊन बरीच वर्षं लोटली तरी घरगुती ग्राहकाची पाणीपट्टी करपात्र मूल्यावर, मिळकतकराच्या बिलातूनच येत राहिली. मीटरमधली बॅटरी मात्र तो बसवला त्या दिवसापासून खर्ची पडायला लागते, त्यावर पहिलं बिल कधीही निघो.