बरोबरीचे सात गुण

बुद्धिबळ क्लबची स्पर्धा. समोर 1800 रेटिंगचा (खेळाच्या ताकदीचा आकडा) खेळाडू, आपण 1500. चार तासांनी पटावर उरलंय एवढंच: दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि पांढऱ्याकडे, म्हणजे 1800वाल्याकडे, ई-5 वर एक जास्तीचं प्यादं. आपला राजा ई-8 वर, प्याद्याच्या वाटेत. भोवती जमलेल्यांनी मनातल्या मनात निकाल लावूनही टाकलाय.

रेटिंगचं गणित बरंचसं त्यांच्याच बाजूचं आहे. ही पद्धत आर्पाद एलो यांची. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, ती 1970 मध्ये स्वीकारली. एलोंनी धरलं असं की कुणीच रोज सारखा खेळत नाही. खेळ बहुतेकदा स्वतःच्या सरासरीच्या आसपास असतो, क्वचित फार वर किंवा फार खाली जातो. दोघांच्या सरासरीतलं अंतर कळलं की अपेक्षित गुण काढता येतात. 300 च्या फरकाला वरच्या खेळाडूचे 0.85, म्हणजे शंभर डावांत 85 गुण. 85 विजय नव्हेत! विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. गफलत इथेच होते. 70 डाव जिंकून 30 बरोबरीत सोडवले तरी 85च होतात.

डावानंतर मिळालेल्या गुणांतून अपेक्षित गुण वजा करायचे आणि बहुतेक मुरलेल्या खेळाडूंसाठी 20 ने गुणायचं. (नवख्यांना आणि अठराच्या आतल्या बहुतेकांना 40, पोरं झपाट्याने सुधारतात, रेटिंग मागून धापा टाकत येतं. 1500 चं पोरगं समोर आलं की मी तरी जपून खेळतो.) आपण हरलो तर रेटिंगमधून 3 जातील, जिंकलो तर 17 मिळतील, बरोबरीला 7. त्याला जिंकूनही 3च, बरोबरीत मात्र 7 गेले. म्हणून तो बरोबरी नाकारतो आणि खेळत राहतो.

पण आपला हत्ती सहाव्या ओळीत ठाण मांडून आहे, त्याच्या राजाला पुढे सरकता येत नाही. शेवटी तो प्यादंच ई-6 वर ढकलतो. लगेच आपला हत्ती थेट पहिल्या ओळीत, आणि मागून शहावर शह. राजाची लपायची जागा त्याच्याच प्याद्याने अडवलेली. फिलिडोर या फ्रेंच संगीतकाराने हा बचाव अठराव्या शतकातच दाखवून ठेवलाय.

स्पर्धेतले बाकीचे डाव बाजूला ठेवले, तर पुढच्या यादीत आपण 1507.