बल शून्य, तरी पट्टे सरकले

क्वांटम भौतिकीचा पाया असलेलं श्रोडिंगरचं १९२६ सालचं समीकरण उघडून पाहा. तरंगफलन, म्हणजे कण कुठे सापडण्याची किती शक्यता आहे हे जिच्यावरून कळतं ती लाट, काळानुसार कसं बदलतं हे त्यात सांगितलंय, पण ज्याच्यावर न्यूटनचा सगळा डोलारा उभा आहे ते बल त्यात नावालाही नाही. तिथे पोटेन्शियल आहे, म्हणजे कणाची स्थितिज ऊर्जा जागोजागी किती ते सांगणारा आकडा.

जुन्या भौतिकीत पोटेन्शियल म्हणजे हिशेबाची सोय. त्याच्या चढउतारावरून बल काढायचं आणि ते बाजूला ठेवून द्यायचं. सगळीकडे सारखाच आकडा मिळवला तरी बल तेच राहतं, मग त्याला खरं कोण मानणार? शिवाय १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एरनफेस्टने दाखवलं होतं, की संवेगाची (वस्तुमान गुणिले वेग) सरासरी ही बलाच्या सरासरीप्रमाणेच बदलते. त्यामुळे न्यूटन शाबूत आहे असं वाटायला जागा होती.

१९५९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या याकिर अहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी या समजुतीलाच हात घातला. एक लांब, बारीक वेटोळं घ्या. वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र आत कोंडलेलं राहतं, बाहेर जवळजवळ शून्य. आता इलेक्ट्रॉनांच्या झोताचे दोन भाग करून ते वेटोळ्याच्या दोन बाजूंनी न्या आणि पडद्यावर पुन्हा एकत्र आणा. वाटेत त्यांना क्षेत्र कुठेच भेटत नाही, म्हणजे बल शून्य. पण व्हेक्टर पोटेन्शियल (चुंबकीय क्षेत्राचं पोटेन्शियल, ज्याला प्रत्येक बिंदूवर दिशाही असते) बाहेरही असतं, वेटोळ्याभोवती फिरणारं. इलेक्ट्रॉन इथे लाटेसारखे वागतात: एक लाट त्याच्या दिशेने जाते, दुसरी उलट. दोघींचे चढउतार एकमेकींपासून मागेपुढे होतात आणि पडद्यावरचे उजळ-काळे पट्टे सरकतात. आतला चुंबकीय प्रवाह (वेटोळ्याच्या छेदातून जाणारं एकूण क्षेत्र) ४.१४ × १०⁻¹⁵ वेबरने वाढला की बरोबर एक पट्टा. झोत मात्र एकूणात जागचा हलत नाही, फक्त त्याच्या आतले पट्टे सरकतात. एरनफेस्टही खोटा पडत नाही!

खरं तर एरेनबर्ग आणि सिडे यांनी हेच १९४९ मध्ये लिहून ठेवलं होतं. पण इलेक्ट्रॉन-प्रकाशिकीवरच्या (इलेक्ट्रॉनांचे झोत प्रकाशासारखे वळवण्याच्या शास्त्रावरच्या) लेखात ते दबून गेलं.

१९६० मध्ये ब्रिस्टलच्याच चेंबर्सने लोखंडाचा अतिसूक्ष्म तंतू वापरून पट्टे सरकलेले दाखवले. शंकेखोरांचं म्हणणं, टोकांतून क्षेत्र गळत असणार. शंका रास्तच होती. तिचं उत्तर १९८६ मध्ये जपानात हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा टोनोमुरा यांनी दिलं. चुंबकाचं टोकच नको म्हणून त्यांनी काही मायक्रॉनचं कडं केलं आणि त्यावर नायोबियमचं वेष्टण चढवलं. उणे २६४ अंश सेल्सियसच्या खाली नायोबियम हा धातू अतिवाहक होतो, म्हणजे विजेला अजिबात विरोध करत नाही, आणि क्षेत्राला बाहेर येऊ देत नाही. कड्याच्या भोकातून गेलेल्या आणि बाहेरून गेलेल्या लाटांची तुलना केली, तर काही कड्यांमध्ये पट्टे आतबाहेर एका रेषेत, काहींमध्ये नेमके अर्ध्या पट्ट्याने सरकलेले. मधलं काहीच नाही, कारण अतिवाहक चुंबकीय प्रवाहाला ठरावीक हप्त्यांमध्येच अडकवून ठेवतो.

म्हणून पोटेन्शियल ‘खरं’ म्हणायचं का? मी बेताने म्हणेन. एखाद्या बिंदूवरचं व्हेक्टर पोटेन्शियल आजही मोजता येत नाही, मोजता येते ती पूर्ण फेरीची बेरीज. २०१२ मध्ये लेव्ह वाइडमन यांनी तर असा मुद्दा मांडला, की वेटोळ्यातल्या विद्युतभारांनाही क्वांटम नियम लावले, तर पोटेन्शियलशिवाय, त्या भारांवर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या क्षेत्रातूनच सगळं उलगडतं. त्यावरचा वाद अजून चालू आहे.