ट्रेनिंगच्या तासांचा पगार आणि ट्रेनिंगचा भत्ता: कॅम्पस पोलिसांचे दोन वेगळे पैसे

आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर वॉचमन असतो. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचं मात्र स्वतःचं पोलीस खातंच असतं. तिथले अधिकारी शपथ घेतलेले, शस्त्र बाळगणारे आणि अटकेचा अधिकार असलेले. त्यांच्या पगारात ‘ट्रेनिंग पे’ म्हणून दोन निराळे पैसे येऊ शकतात. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे घोळ होतो आणि भुर्दंड अधिकाऱ्याला बसतो.

पहिला पैसा वेळेचा. वर्गात किंवा फायरिंग रेंजवर गेलेले तास कामाचे धरले, तर त्यांचा पगार द्यावाच लागतो. हे 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टवरून, म्हणजे अमेरिकेच्या किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या कायद्यावरून ठरतं. ते तास कामात धरायचे नसतील, तर चार अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: ट्रेनिंग ड्युटीबाहेरच्या वेळेत हवं, ऐच्छिक हवं, नोकरीशी थेट संबंध नसलेलं हवं आणि त्या वेळात दुसरं काम करून घेतलेलं नसावं. साहेबांनी पाठवलेलं ट्रेनिंग ऐच्छिक कसं म्हणायचं? सरकारी खात्यांना काही सवलती आहेत. अकादमीत मुक्कामी असलेल्या अधिकाऱ्याचे वर्ग सुटल्यानंतरचे मोकळे तास मोजले जात नाहीत, ही त्यातलीच एक.

दुसरा पैसा पूर्ततेचा. केंटकी राज्यात यासाठी वेगळा निधी आहे आणि विमा हप्त्यांवरच्या अधिभारातून तो भरतो. दरवर्षी 40 तासांचं सेवांतर्गत ट्रेनिंग पूर्ण करणाऱ्या पोलिसाला त्यातून भत्ता मिळतो. 2018 मध्ये तो वर्षाला 4,000 डॉलर झाला. सार्वजनिक विद्यापीठांचे पोलीसही या योजनेत येतात. समजा कुणी 32 तासच केले. त्या 32 तासांचा पगार त्याने कमावलेला आहे, पण भत्त्याची अट पुरी झालेली नाही.

म्हणूनच ‘भत्ता देतो ना, मग तासांचे पैसे कशाला?’ हे खात्याचं उत्तर मला अजिबात पटत नाही. उलट असा भत्ता ओव्हरटाइमचा दर काढताना मूळ दरात मिळवावा लागतो. तो नुसता वेगळा ठेवून दिला, तर प्रत्येक जादा तासाला थोडे थोडे पैसे बुडतात.

भत्त्याची एक कमजोरी म्हणजे तो तिजोरीवर अवलंबून असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये 1970 पासून शहर-गावांच्या पोलिसांना पदवीनुसार 10, 20 किंवा 25 टक्के वाढ देणारी योजना होती आणि निम्मा खर्च राज्य उचलायचं. राज्याने हात आखडता घेतला. राज्याने न दिलेला वाटा भरून देण्याची सक्ती बोस्टन शहरावर नाही, असं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ठरवलं.

नोकरी घेताना विद्यापीठ सरकारी की खासगी, हेही विचारावं. सरकारी विद्यापीठ 28 दिवसांत 171 तासांपर्यंत ओव्हरटाइमशिवाय काम घेऊ शकतं. खासगी विद्यापीठाला ही सूट नाही. तिथे आठवड्याच्या 40 तासांनंतर, ट्रेनिंगचे तास धरूनच, ओव्हरटाइम सुरू होतो.