बलवानांचे मूकपट

शक्तीचे खेळ करून नाव कमावलेल्या बलवानांवर बोलपटापूर्वीच्या काळात घेतलेले चित्रपट. चित्रपट गोष्ट सांगायला शिकला त्याच्या बरीच वर्षे आधी त्याने पीळदार शरीर दाखवले, आणि म्हणून हा प्रकार चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे.

प्रशियातील कोनिग्सबर्गचा युजेन सँडो (१८६७–१९२५) १८९३ मध्ये शिकागोत गाजला. ६ मार्च १८९४ रोजी तो न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला, एडिसनच्या ‘ब्लॅक मारिया’ या चित्रीकरणगृहात आला. ही डांबरी कागदाने मढवलेली काळी खोली होती. छत उघडून ऊन आत घेत आणि सूर्य सरकला की सगळी खोलीच रुळावरून फिरवीत. एडिसनचा सहकारी विल्यम डिक्सन याने तिथे घेतलेला चित्रपट मिनिटभराचाही नाही. तोकड्या चड्डीतला सँडो काळ्या पार्श्वभूमीपुढे एकटा उभा आहे. तो दंड फुगवतो, पोट आवळतो, वळून पाठ दाखवतो. हातात वजन नाही, अंगावर साखळी नाही. रंगमंचावर त्याच्या ताकदीला टाळ्या पडत. इथे नुसते स्नायूंचे हलणे पाहायचे, आणि नाट्यगृहातल्या मागच्या रांगेला ते इतक्या जवळून कधीच दिसले नसते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा चित्रपट जपला आहे. तो जरूर पाहावा.

१४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर किनेटोस्कोपचे, म्हणजे पेटीत डोकावून चित्रपट पाहण्याच्या यंत्राचे, पहिले दालन उघडले. तिथल्या दहा यंत्रांपैकी एकात सँडो होता. पेटीवर वाकून भिंगाला डोळा लावायचा. एका वेळी प्रेक्षक एकच.

बलवानाला कथा मिळाली ती इटलीत. जिनोआच्या बंदरावर हमाली करणाऱ्या बार्तोलोमेओ पागानोला दिग्दर्शक जोव्हान्नी पास्त्रोनेने ‘काबिरिया’ या चित्रपटात (१९१४) माचिस्ते या गुलामाची भूमिका दिली. प्रेक्षकांनी नायकापेक्षा त्यालाच डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी माचिस्ते स्वतंत्र चित्रपटाचा नायक झाला आणि विसाच्या दशकापर्यंत त्याची मालिका चालली.

१९०४–०५ च्या दौऱ्यात सँडो भारतातही येऊन गेला. पुढे पुदुक्कोट्टईचा पी. के. नागलिंगम हा कसलेल्या शरीराचा नट मुंबईच्या मूकपटांत नावारूपाला आला, तो ‘राजा सँडो’ म्हणून. बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे सँडो म्हणतात, तेही याच नावावरून.