संगणक जुळणी आणि अंतर्गत जोडण्या

तयार संगणक न घेता त्याचे सुटे भाग निवडून ते स्वतः एकत्र बसवण्यास संगणक जुळणी किंवा रूढ बोलीत ‘असेंबल करणे’ म्हणतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, साठवणीची साधने, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा आणि हे सारे ज्यात बसते ते कॅबिनेट हे तिचे मुख्य घटक होत. निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांशी जुळतात याचे मूळ १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या खुल्या रचनेत आहे. आजच्या जुळणीचा पाया असलेले एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये मांडले. त्यात मदरबोर्डाचे माप (३०५ × २४४ मिमी.), स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आणि मुख्य वीजजोड ठरवून दिल्यामुळे हौशी माणसाला सोल्डरिंगची गरज उरत नाही; एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर बहुतेक कामांना पुरतो.

चुकीची जोडणी टाळण्याची जबाबदारी या मानकांनी बहुतांशी भागांच्या आकारावर टाकलेली आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या डेस्कटॉप रॅमपट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, परंतु खाचेची जागा वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. यूएसबी २.० आणि कॅबिनेटच्या दर्शनी भागातील ऑडिओ यांचे मदरबोर्डावरील जोड दिसायला सारखे, दोन रांगांत नऊ पिनांचे असतात. मात्र पहिल्यात नववी पिन गाळलेली असते, तर दुसऱ्यात आठवी. एटीएक्सपूर्वीच्या एटी बोर्डांना अशी सोय नव्हती. त्यांचा वीजपुरवठा पी८ आणि पी९ अशा दोन शेजारच्या जोडांतून येई, आणि दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींलगत आल्या नाहीत तर बोर्ड जळण्याचा धोका असे. एटीएक्सने त्या दोहोंच्या जागी वीस पिनांचा एकच जोड आणला. पुढे तो चोवीस पिनांचा झाला.

तथापि आकार जुळला म्हणजे वीजही जुळली असे नव्हे, आणि महागात पडणाऱ्या चुका नेमक्या याच फटीत घडतात. सर्वांत मोठा धोका मॉड्युलर, म्हणजे केबली डब्यापासून वेगळ्या काढता येणाऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबलींचा आहे. केबलीचे मदरबोर्डाकडील किंवा डिस्ककडील टोक मानकाने बांधलेले असते. एसएमपीएसकडील टोकाची पिनरचना मात्र प्रत्येक उत्पादक, कधीकधी एकाच उत्पादकाची वेगळी मालिकाही, आपल्या सोयीने ठरवते. त्यामुळे जुन्या डब्याची केबल नव्या डब्यात सहज बसते आणि पाच व्होल्टांच्या तारेतून बारा व्होल्ट जाऊन डिस्क जळते. एसएमपीएस बदलताना त्याच्या सगळ्या केबली बदलाव्यात, हा नियम अपवादाविना पाळावा. शोभेच्या दिव्यांचीही गत तशीच आहे: साध्या आरजीबी पट्ट्या चार पिनांच्या व बारा व्होल्टांच्या असतात, तर प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे रंग बदलणाऱ्या पट्ट्या तीन पिनांच्या व पाच व्होल्टांच्या असतात, आणि दुसऱ्या प्रकारची पट्टी पहिल्या जोडावर रेटली तर ती कायमची निकामी होऊ शकते.

प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे आठ पिनांचे जोडही नवख्याला सारखेच वाटतात. प्रोसेसरचा जोड मधोमध ४+४ असा दुभंगतो, ग्राफिक्स कार्डाचा ६+२ असा. दोन्हींत बारा व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट असतात. पिनांभोवतीची प्लॅस्टिकची घडण त्यांना एकमेकांत जाऊ देत नाही. जोर लावावा लागत असेल तर केबल चुकीची आहे असे समजून थांबावे. कार्डाला बोर्डावरील स्लॉटमधून ७५ वॅट मिळू शकतात आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडातून १५० वॅट. २०२२ मध्ये वापरात आलेला सोळा पिनांचा जोड एकट्याने ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो. तो पूर्णपणे आत न बसल्यास संपर्काचे क्षेत्र घटते, उष्णता वाढते आणि प्लॅस्टिक वितळते. असे प्रकार घडल्यावर २०२३ मध्ये जोडाच्या सुधारित आवृत्तीत वीजवाहक पिना लांब आणि संवेदक पिना आखूड करण्यात आल्या, जेणेकरून अर्धवट बसलेल्या जोडातून कार्ड पूर्ण वीज खेचणार नाही.

मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या एम.२ साठवणपट्ट्यांत घोटाळा वेगळा असतो. बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी मिलिमीटर लांब अशा एकाच मापाची पट्टी सॅटा या हार्डडिस्कच्या जुन्या पद्धतीने बोलणारी असू शकते किंवा एनव्हीएमई या अधिक वेगवान पद्धतीने, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही भाषा जाणतोच असे नाही. शिवाय अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एकदोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांच्या वाहिन्या सामाईक असतात. काल दिसणारी हार्डडिस्क आज ‘गायब’ होते ती बहुधा यामुळे. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत ही माहिती एका छोट्या तळटीपेत दडलेली असते.

कॅबिनेटच्या पुढील बटणांच्या बारीक तारांना नवखे लोक सर्वाधिक घाबरतात, पण त्यांतील चूक क्वचितच नुकसान करते. पॉवरचे बटण फक्त दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, म्हणून त्याला धन-ऋण नसते; कॅबिनेटविना चाचणी घेताना स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या दोन पिनांना टेकवूनही संगणक सुरू करता येतो. एलईडीला दिशा असते, उलटी जोडल्यास ती केवळ पेटत नाही. याउलट बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणारे पितळी खुंट, म्हणजे स्टँडऑफ, निरुपद्रवी वाटतात, पण छिद्र नसलेल्या जागी राहिलेला एखादा जादा स्टँडऑफ बोर्डाच्या मागील सोल्डरला टेकून शॉर्ट सर्किट घडवू शकतो. एटीएक्स संगणक बंद असतानाही बोर्डाला पाच व्होल्टांचा राखीव पुरवठा चालू असतो. यास्तव कोणतीही जोडणी काढण्यापूर्वी एसएमपीएसचे मागील बटण बंद करावे.

दोनच रॅमपट्ट्या असतील आणि स्लॉट चार असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. डीडीआर५ असलेला बोर्ड प्रथम सुरू होताना रॅमची जुळवाजुळव करण्यात काही मिनिटे घालवू शकतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. या काळात वीज तोडू नये. त्यानंतरही चित्र न आल्यास मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टला लावली आहे काय हे आधी पाहावे, आणि मग बोर्डावरील निदान-दिव्यांपैकी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व साठवण यांपैकी कोणत्या नावापुढचा दिवा पेटून राहिला आहे त्यावरून शोध पुढे न्यावा.